रक्ताचा धडा घरापर्यंत यावा

दहावीत शिकणाऱ्या एखाद्या मुलीला रक्ताविषयी विचारून पाहा. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्तपट्टिका आणि रक्तद्रव ही चार नावे ती घडाघडा सांगेल. हृदयाचे चार कप्पे काढून दाखवील, एका बाजूला तांबडा व दुसऱ्या बाजूला निळा रंग भरील. आता तिलाच विचारा, "तुझे हिमोग्लोबिन किती? तुझ्या आईचे किती? आणि असायला हवे किती?" बहुधा उत्तर येणार नाही. तिच्या आजीला विचाराल तर आजी मात्र लगेच सांगेल, "पोरीच्या अंगात रक्तच नाही बघा!"

आजी म्हणते ते रक्त आणि पुस्तकातले रक्त एकच आहे, हे त्या मुलीला कोणी सांगितलेलेच नसते. ती परीक्षेत पाचपैकी पाच गुण मिळवते आणि जिना चढताना तिला धाप लागते. त्या दोन गोष्टींची गाठ घालून देणे हे हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकाचे काम आहे असे मला वाटते. त्यासाठी पालकांनी शाळेकडे आग्रह धरला पाहिजे. या लेखात एवढेच सांगायचे आहे; पण ते का, आणि कसे, हे जरा विस्ताराने सांगतो.

आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी झाली. तीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण ३१.१ टक्के होते. बोटाच्या थेंबावरून केलेल्या मोजणीत आकडा जरा फुगतो, असे काही तज्ज्ञांचे म्हणणे आहे. तो वाद त्यांच्यापाशी राहू द्या. फुगवटा वजा केला तरी वर्गातल्या एका बाकावर बसलेल्या तीन मुलींपैकी एखादी तरी निघेलच, आणि ती आपल्या घरची असू शकते.

ही मुलगी पाच-सात वर्षांनी लग्न होऊन जाते. पहिले बाळंतपण येते. बाळंतपणात जाणारे अतिरक्त हे जगभरात मातांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आहे. ज्या बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ आहे तिला अर्धा लिटर रक्त गेल्यावर जेवढा धोका, त्याहून कितीतरी अधिक धोका ७ किंवा ८ असलेल्या बाईला असतो, कारण तिच्या गाठीला काही शिल्लकच नसते. तेव्हा मग नातेवाईक रात्री अपरात्री बेळगावच्या रक्तपेढ्यांत धावत असतात. ती धावपळ पुष्कळदा शाळेतल्या बाकावर असतानाच टाळता आली असती.

शेतकऱ्याच्या मुलांना हा विषय शिकवणे तसे अवघड नाही. उलट शहरातल्या मुलांपेक्षा त्यांना तो लवकर कळावा, कारण पुष्कळसे त्यांनी पाहिलेलेच असते.

चुनखडीच्या रानात उसाचा खोडवा पिवळा पडलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा आणि पुढे पांढुरका होतो. रानात लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही आणि लोहाशिवाय पानाला हरितद्रव्य तयार करता येत नाही. मग आपण फेरस सल्फेट, म्हणजे जुन्या लोकांचे हिराकस, पाण्यात विरघळवून फवारतो आणि थोड्याच दिवसांत नवी पाने हिरवी येऊ लागतात. आता शाळेत मुलांना मिळणारी निळी गोळी घ्या. तिच्यातही लोहाचा हाच क्षार असतो, औषधाच्या प्रतीचा शुद्ध केलेला आणि मोजून घातलेला, सोबत फॉलिक आम्ल. (खताच्या दुकानातला हिराकस कोणी माणसांना देऊ नये, हे सांगायला नकोच, पण सांगून ठेवतो.) ज्या शेतकऱ्याला खोडव्याचा पिवळेपणा दहा हातांवरून ओळखता येतो, त्याला मुलीच्या पापणीच्या आतला, नखांचा आणि जिभेचा फिकेपणा ओळखायला कोणी शिकवलेले नाही, एवढाच फरक.

दुसरे उदाहरण भाताचे. मध्यम मुदतीचे भात १२० ते १३० दिवसांत कापणीला येते. तांबड्या पेशीचे आयुष्यही सुमारे १२० दिवसांचे असते. तिचा तरवा हाडांच्या आतल्या मगजात टाकलेला असतो आणि तिथून दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी रक्तात येत असतात. जुन्या पेशी प्लीहा व यकृतात मोडल्या जातात. त्यांतले लोह शरीर फेकून देत नाही, ते काढून पुन्हा नव्या पेशींना वापरते. इतके काटकसरीचे घर दुसरे नसेल. मग लोह कमी का पडते? तर रक्त बाहेर जाते म्हणून, वाढत्या वयात रक्ताचे एकूण माप वाढते म्हणून, आणि ताटातून येणारे लोह अंगी लागत नाही म्हणून.

हा हिशेब शिक्षकाने फळ्यावर करून दाखवावा. माणसाच्या अंगात दर किलो वजनामागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे ४५ किलो वजनाच्या मुलीच्या अंगात तीन लिटरच्या आसपास. रक्ताच्या एका मिलिलिटरात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. पाळीच्या दिवसांत ४० मिलिलिटर रक्त गेले, तर २० मिलिग्रॅम लोह गेले. धान्यभाजीतल्या लोहापैकी दहातला एक भाग, कित्येकदा त्याहूनही कमी, अंगी लागतो. म्हणजे तेवढी भरपाई करायला महिन्याकाठी निदान २०० मिलिग्रॅम लोह जास्तीचे पोटात जायला हवे. आता त्या मुलीच्या ताटात काय असते ते तिचे तिनेच वहीत लिहावे. सकाळी चहा-बटर, दुपारी भात-आमटी, रात्री पुन्हा भात. गणित जुळत नाही हे तिला तिच्या हाताने कळेल, आणि मास्तरांनी दहादा "हिरव्या भाज्या खा" म्हणण्यापेक्षा ते अधिक लक्षात राहील.

इथे कोणी पालक म्हणतील, पाळीची गोष्ट वर्गात, मुलग्यांच्या देखत कशाला? मला ही अडचण समजते. वाटल्यास मुलींचा तास एखाद्या सिस्टरांनी किंवा बाईंनी वेगळा घ्यावा. पण मुलग्यांना त्या माहितीपासून मुळीच वगळू नये. उद्या नवरा म्हणून बायकोला गरोदरपणी तपासणीला न्यायचे की नाही, हे बहुधा तोच ठरवणार असतो. आधी पुरुष, मग मुले, उरलेसुरले बाईला, ही घरातली पंगत त्याच्याच आईच्या वाट्याला येत असते. शिवाय वर दिलेला मुलग्यांचा आकडा पुन्हा पाहा. मिसरूड फुटण्याच्या वयात अंग भराभर वाढते, रक्ताचे मापही वाढते आणि दहांतल्या तिघा मुलग्यांचे लोह कमी पडते. खेळात दम न टिकणारा मुलगा नेहमी आळशीच असतो असे नाही.

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. बाईच्या रक्तात दर १०० मिलिलिटरला १२ ग्रॅम हिमोग्लोबिन हवे, पुरुषाच्या १३, गरोदर बाईच्या निदान ११. गरोदर नसलेल्या बाईचा आकडा ८ च्या खाली, किंवा गरोदर बाईचा ७ च्या खाली गेला, तर तो तीव्र रक्तक्षय. तिथे घरगुती उपाय करीत बसू नये. डेअरीत दुधाची फॅट अर्ध्या पॉइंटाने खाली आली तर आपण त्याच दिवशी म्हशीच्या चाऱ्याकडे पाहतो. मुलीचा आकडा १२ वरून ९ वर आला तरी घरात कोणाला पत्ता नसतो, कारण तो कधी मोजलेलाच नसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते.

आता आहाराविषयीच्या समजुतींकडे वळू. आपल्या भागात बीट हे रक्तवाढीचे मोठे औषध मानले जाते. बिटाचा रंग तांबडा आहे, एवढाच त्याचा रक्ताशी संबंध. त्यात लोह फार नाही. पालकाचेही थोडेफार तसेच. त्यातले बरेचसे लोह शरीराला उचलता येत नाही. नाचणी उत्तम धान्य आहे, तिच्यात चुना भरपूर असतो, पण केवळ नाचणीच्या आंबिलीवर रक्त वाढेल असे समजू नये. त्यापेक्षा अळीव, बाजरी, तीळ, कडधान्ये, शेवग्याचा पाला हे बरे. आणि आपल्या घरांत ज्याला मज्जाव नाही ते मटण, कलेजी आणि मासे सर्वांत बरे, कारण प्राण्यांच्या मांसातले लोह धान्यातल्या लोहापेक्षा पुष्कळ चांगले अंगी लागते. अडचण अशी की घरात कलेजी आली की ती आधी कोणाच्या ताटात जाते, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे.

आमटीवर लिंबू पिळावे, जेवणानंतर पेरू किंवा आवळा खावा. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. भाजी लोखंडी कढईत करावी. चहा मात्र जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच पिऊ नये, तास-दीड तास थांबावे. चहातली तुरट द्रव्ये लोहाला धरून ठेवतात. आपल्याकडे चहाला नाही म्हणणे म्हणजे पाहुण्याचा अपमान. म्हणून तो सोडा असे म्हणत नाही, वेळ तेवढी बदला.

निळ्या गोळीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एक गोळी देण्याची ही योजना देशात दहा वर्षांहून अधिक काळ चालू आहे. २०१८ पासून या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. पुष्कळ मुले ती गोळी दप्तरात ठेवतात आणि वाटेत टाकून देतात, कारण पहिल्या एक-दोन वेळा मळमळते, शौचाला काळे होते आणि घरी कोणीतरी सांगते की या गोळीने पुढे मूल होत नाही. हे शेवटचे धादांत खोटे आहे. काळे होणे हे न शोषलेल्या लोहामुळे असते, त्यात धोका नाही. मळमळ टाळायला गोळी जेवणानंतर घ्यावी, चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये. हे सर्व रक्ताच्या धड्यातच शिकवता येते; पण गोळी वाटण्याचे काम एका रजिस्टरात आणि धडा दुसऱ्या वहीत, अशी शाळेची रीत झाली आहे. गोळी वाटणारे मास्तर आणि धडा शिकवणारे मास्तर बहुतेक शाळांत एकच असतात, हे विशेष!

जिचे हिमोग्लोबिन खरोखर कमी निघाले आहे तिला ही आठवड्याची गोळी पुरत नाही. तिला रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्या लागतात, साधारण चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात, आणि आकडा सुधारला तरी अंगातला साठा भरून निघावा म्हणून गोळ्या आणखी काही महिने चालू ठेवतात. आकडा वर आला की गोळ्या बंद करणारे पुष्कळ आहेत. रोपे हिरवी दिसली म्हणून पाणी तोडण्यासारखेच ते.

जंतांचेही तसेच. आकडीकृमी नावाचा जंत ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रोज थोडे थोडे रक्त पितो. म्हशीच्या कासेजवळची गोचीड आपल्याला दिसते म्हणून आपण ती काढतो. ही आतली गोचीड दिसत नाही. भातलावणीला उतरणाऱ्या मुलामुलींना याचा धोका आहे. वर्षातून दोन वेळा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, शाळेत जंताची गोळी देतात. ती चुकवू नये. शेताच्या बांधावर शौचाला बसणेही बंद व्हावे, नाहीतर तीच माती पुन्हा पायाला लागते.

माती, खडू, कच्चे तांदूळ खाणाऱ्या मुलीला रागावू नका, तिचे रक्त तपासा. लोहाच्या कमतरतेत अशी खा-खा होते.

एक सावधगिरीची गोष्ट. फिकट दिसणारे प्रत्येक मूल लोहाच्या अभावाचेच असते असे नाही. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे आईबापांकडून येणारे रक्ताचे आजार आहेत. मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल पुष्कळ आढळतो, आणि कर्नाटकातही काही समाजांत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या आजारांत मनाने लोहाच्या गोळ्या घेत राहणे उपयोगाचे नाही, काही वेळा अपायकारकही ठरते. म्हणून गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल तर पुढची तपासणी करून घ्यावी.

आता रक्ताच्या दुसऱ्या कामाकडे येतो, साकळण्याकडे. पुस्तकात हे दोन ओळींत आटोपते. आपल्या कित्येक घरांत सणाला डुक्कर कापतात. सोरपोतेलसाठी रक्त भांड्यात धरतात आणि बाई त्यात व्हिनेगर घालून एकसारखी ढवळत राहते. का ढवळते? न ढवळता ठेवले तर ते थोड्याच वेळात दह्यासारखे घट्ट होते. रक्तद्रवात विरघळलेले एक प्रथिन असते, त्याचे बारीक तंतू बनतात, त्या जाळ्यात पेशी अडकतात आणि गाठ होते. हे ज्या मुलांनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले आहे, त्यांना हा धडा शिकवायला आकृती कशाला हवी?

पण शेतकऱ्याच्या मुलाला हे कळण्याचे खरे कारण वेगळेच आहे. घोणस आणि फुरसे या सापांचे विष नेमके या साकळण्यावर घाला घालते. चावलेल्या माणसाच्या अंगातली गाठी धरण्याची द्रव्ये खर्ची पडतात, मग हिरड्यांतून, लघवीतून, जखमेतून रक्त येत राहते. सरकारी दवाखान्यात डॉक्टर अशा माणसाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात, २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरपी करून पाहतात. रक्त पातळच राहिले तर विष रक्तात भिनले आहे असे समजून प्रतिविष देतात. किती साधी परीक्षा! हे ज्याला समजले तो मुलगा चावलेल्या जागी ब्लेड मारू देणार नाही, कारण ज्याचे रक्त साकळतच नाही त्याला चीर पाडणे म्हणजे काय, हे त्याला कळलेले असेल. दोरीने करकचून आवळूही देणार नाही. त्याने पायच जायची वेळ येते. तो पाय न हलवता फळीला बांधील, अंगठ्या-पैंजण काढील आणि गाडी बोलावील. नाग व मण्यार यांचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर जाते, त्यात रक्त साकळलेले दिसले तरी धोका टळत नाही. म्हणून चावल्यावर दवाखाना हा एकच रस्ता. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांसाठी एकत्रच बनवलेले असते, म्हणून साप मारून बरोबर नेण्याची खटपट करू नये.

भात कापणीच्या दिवसांत आपल्या गावांत काय होते हे मी सांगायला नको. पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार पाठ नसले तरी चालेल, पण एवढे माहीत नसेल तर तो धडा शेतकऱ्याच्या मुलाच्या काय कामाचा?

रक्तगटाबद्दल थोडक्यात. कार्ल लँडस्टायनर या ऑस्ट्रियन डॉक्टरने १९०१ साली रक्ताचे गट दाखवून दिले आणि १९३० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पण आपल्या मुलांना हेही सांगावे की १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अगदी दुर्मिळ गट शोधला, आणि तो जगभर 'बॉम्बे' गट म्हणूनच ओळखला जातो. साध्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण त्या माणसाला ओ गटाचेही रक्त चालत नाही, त्याच्याच गटाचे लागते. म्हणून कार्डावर गट लिहिलेला असला तरी रक्त देण्यापूर्वी रक्तपेढी दोघांचे रक्त जुळवून पाहते. त्यात वेळ जातो म्हणून तिथल्या माणसांवर चिडू नये.

नवरा-बायकोचा गट एकच असला तर मुलाला अपाय होतो, अशी एक समजूत अलीकडे लग्नाच्या बोलण्यांत ऐकू येते. तिला काही आधार नाही. लक्ष ठेवायचे ते आरएच निगेटिव्ह आई आणि आरएच पॉझिटिव्ह बाप या जोडीवर. अशा आईला २८ व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन दिले की पुढच्या बाळाचा धोका टळतो. लग्नाच्या तयारीच्या वर्गात चर्चमध्ये हे सांगितले जावे, अशी माझी सूचना आहे.

आणि रक्तदान. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९८ च्या जानेवारीपासून बंदी आली. तेव्हापासून रक्तपेढीत येते ते तुमच्या-आमच्यासारख्यांच्या हातांतूनच. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन निदान १२.५ असेल तर ३५० मिलिलिटर रक्त देता येते. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी पुन्हा. पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, पेशी काही आठवड्यांत. "रक्त दिले तर नांगर धरवणार नाही" म्हणणारे गडी आपल्या गावांत आहेत. त्यांना हा हिशेब त्यांच्याच मुलाने दहावीच्या वहीतून वाचून दाखवला तर बरे होईल. हायस्कूलचे मूल स्वतः रक्त देऊ शकत नाही, पण बापाला शिबिराला आणू शकते.

शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. पोर्शन पुरा होत नाही, परीक्षेत आकृतीला गुण असतात, हिमोग्लोबिनच्या कार्डाला नसतात, असे ते म्हणतात, आणि ते खरे आहे. तरीही चार गोष्टींना वेगळा तास लागत नाही. निळी शीर म्हणजे निळे रक्त नव्हे, शिरांतले रक्त गडद तांबडे असते आणि पुस्तकातला निळा रंग केवळ ओळखण्यासाठी असतो, हे एका वाक्यात सांगता येते. मनगटावर नाडी मोजून, दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर असे धरून, मिनिटाला हृदय किती लिटर रक्त पुढे ढकलते हे मुलेच काढतील. उत्तर पाच लिटरच्या आसपास येईल आणि ती चकित होतील. खाटकाकडून बकऱ्याचे हृदय आणून कापून दाखवायला फार खर्च येत नाही. आईच्या तपासणीचा कागद घरून आणून वर्गात वाचायला तर काहीच लागत नाही; मात्र कोणाचा आकडा कमी आहे हे चारचौघांत मोठ्याने वाचू नये, मुलीला लाज वाटेल असे काही करू नये.

एक गोष्ट मात्र शाळेने करू नये. विज्ञानाच्या तासाला हौसेने मुलांची बोटे टोचू नयेत, आणि एक सुई दोघांना तर कधीच नाही; कावीळ आणि एचआयव्ही यांचे विषाणू रक्तातूनच जातात. ते काम आरोग्य केंद्राच्या सिस्टरांनी नव्या सुईने करावे.

सिस्टर आणि आशाताई बोलावल्या तर येतात; पण त्यांची फिरती ठरलेली असते आणि आयत्या वेळी कळवून भागत नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर एसडीएमसीची किंवा पालकांची जी पहिली बैठक होते, तिच्यातच वर्षातले दोन दिवस मागून घ्यावेत. एक पावसाळ्यात आणि दुसरा सहा महिन्यांनी, म्हणजे गोळ्यांचा गुण आला की नाही ते कळेल. त्या दिवशी आयांनाही बोलवावे. तेवढे भातलावणीच्या आठवड्यात ठेवू नये, कारण त्या आठवड्यात कोणाचीही आई येणार नाही.